गव्हाच्या कोठीखालचे समन्स

एक साधे वॉरंट अजून माझ्या मनातून गेलेले नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पावसात उभे राहून पंचनामे केले. ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण तालुक्याच्या कोर्टातून निघालेले आणि तीन वेळा बजावणीविना परत गेलेले ते वॉरंट, आणि त्यासाठी सिंगापूरमध्ये एका टेबलावर बसून केलेली चौकशी, मला अगदी क्रमाने आठवते. नाव मी कोणाचेच लिहिणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची मान खाली जावी असे यात काही नाही. खाली गेली ती माझी.

२०१०च्या दशकाच्या मध्याची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. माझी लेक लग्नानंतर सिंगापूरला गेलेली. यिशुनमध्ये तिचा फ्लॅट आणि चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी. "पप्पा, एकदा तरी या," असे तिने चार वर्षे म्हटल्यावर मी तीन आठवड्यांची रजा मागितली आणि ती मंजूर झाली. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. हमालाचा मुलगा लेकीकडे विमानाने चालला होता, त्यामुळे त्या आठवड्यात ठाण्यात माझी चाल जरा ताठच होती.

निघायच्या दोन दिवस आधी पासपोर्ट पडताळणीचे काम पाहणारा हवालदार केबिनमध्ये आला. हातात एक अर्ज, चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखे हसू.

"साहेब, आपला फरारी सापडला."

"कोणता?"

"मोटारसायकलने सायकलवाल्याला उडवणारा. पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज आलाय पडताळणीला. कुठून आलाय विचारा."

"सांग की."

"सिंगापूर! आणि साहेब परवा कुठे निघालेत? बेड्या बॅगेत टाकू का?"

बाहेर ठाणे अंमलदारही हसला. मी फाइल मागवली.

प्रकरण साधे होते. इंजिनिअरिंग नुकतेच संपवलेल्या एका मुलाची मोटारसायकल गावाच्या वळणावर एका सायकलवाल्याला लागली आणि त्याचा पाय मोडला. मुलाने स्वतःच त्याला दवाखान्यात नेले. ठाण्यात गुन्हा दाखल झाला, मुलाची अटक दाखवली आणि लगेच ठाण्यातच जामिनावर सोडले. पुढे गावात दोन्ही घरे एकत्र बसली, चहा झाला, प्रकरण 'मिटले'. मुलगा नोकरीला सिंगापूरला गेला. आपल्याकडे निम्मी वॉरंटे याच समजुतीतून जन्माला येतात. गावात मिटले म्हणजे कोर्टातही मिटले, असे लोकांना वाटते. पण गुन्हा दाखल झाला की तो सरकार विरुद्ध आरोपी असा खटला होतो. जखमीने माफ केले तरी कोर्टाची तारीख पडतेच. आधी समन्स निघते. आरोपी आला नाही की जामीनपात्र वॉरंट, तरी आला नाही की अजामीनपात्र. त्यानंतर फरार असल्याचा जाहीरनामा लागतो आणि मालमत्तेवर टाच येते. या मुलाचे अजामीनपात्र वॉरंट आमच्याकडे तीन वेळा आले होते. तिन्ही वेळा अहवाल गेला: 'आरोपी मिळून येत नाही, फरार आहे.' खाली सही माझी.

पडताळणीचा अहवाल मी खरा तोच दिला. गुन्हा प्रलंबित, वॉरंट बाकी. मग आमच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "भेटायचं तर भेट. पण तिथे उतरलास की तू कोणाचा साहेब नाहीस. लेकीचा बाप आहेस, तेवढाच राहा. त्याला हात लावलास तर तिथले पोलीस तुलाच धरतील."

वॉरंट ठाण्यातच ठेवले. अर्जावरचा फोन नंबर तेवढा डायरीत लिहून घेतला.

यिशुनला पोहोचलो तेव्हा लेकीने पहिलेच विचारले, "पप्पा, तब्येत कशी आहे? वाळलात."

"घोड्यासारखी आहे," मी म्हणालो. सोबत आलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिले आणि बॅग उघडायला घेतली. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात माझ्या हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसला होता. लेकीला आम्ही कळवले नव्हते. एवढ्या लांब तिच्या जिवाला घोर कशाला? गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून आणल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन लावला. मुलगा म्हणतो खरे, पण तोवर तो पस्तिशीला आलेला, एका बँकेच्या आयटीत टीम सांभाळणारा माणूस होता. मी माझा हुद्दा सांगितला, ठाण्याचे नाव सांगितले. पलीकडून शांत आवाजात उत्तर आले, "काका, तुमचं मराठी चांगलं आहे. नाहीतर हे फोन हिंदीत येतात. पण ओटीपी मिळणार नाही." आणि फोन बंद.

माझी नात सोफ्यावर बसून ऐकत होती. ती तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, यू साउंड लाइक अ स्कॅमर लाह."

इतकी वर्षे 'ठाण्यातून बोलतोय' म्हटले की समोरचा खुर्चीवरून उठायचा. इथे मी लबाड ठरलो होतो. पुन्हा फोन लावला आणि तो तोडायच्या आत म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या तालुक्याच्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधा, तिथे माझं नाव विचारा. तुमचा पासपोर्ट का अडकलाय ते मला माहीत आहे."

वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला. "सर, रविवारी भेटू शकतो का? तोआ पायोहला. हॉकर सेंटरमध्ये, गर्दीत."

गर्दीत म्हणजे त्याला भीती होती. मी हो म्हणालो.

रविवारी मी त्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडईत, वेळेआधी पोहोचलो. एका टेबलावर टिश्यूचे पाकीट पडलेले दिसले, बाकी टेबल रिकामे. ते बाजूला सरकवून बसणार तोच मागून आवाज आला, "सर, नको. ती जागा राखलेली आहे."

"या पाकिटाने?"

"हो. इथे टिश्यू ठेवला की कोणी बसत नाही."

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, पण रुमाल उचलून बसणाराही असतो. इथे पाच टेबले तशीच रिकामी होती आणि लोक ताट हातात घेऊन उभे होते. मनात आले, इथे टिश्यूच्या पाकिटाला जेवढा मान आहे तेवढा आमच्याकडे समन्सला नाही.

तो बायकोला घेऊन आला होता. आम्हाला कोपऱ्यात जागा मिळाली. त्याने तीन कॉफ्या आणल्या. पायात चप्पल, दाढी वाढलेली, नजर सरळ. खोटे बोलणारा माणूस बहुधा पहिल्या पाच मिनिटांत स्वतःची लायकी सांगतो, ओळखी सांगतो. याने तसे काही केले नाही. बायकोनेच सुरुवात केली.

"सर, ह्यांच्या पासपोर्टची मुदत संपायला चार महिने राहिलेत. नवा मिळाल्याशिवाय एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, वाढत नाही. ह्यांचा गेला की माझा आणि मुलीचा पासही गेला. मुलगी इथे दुसरीत आहे. आम्ही नेमका काय गुन्हा केलाय ते तरी सांगा."

मी सांगितले. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ते मिटलं होतं. ते सायकलवाले काका माझ्या लग्नाला जेवून गेले."

"समन्स मिळालं तेव्हा का नाही आलात?"

"मला कधीच मिळालं नाही."

"कागदावर मिळालंय."

"सर, मला नाही मिळालं."

"तुमच्या घरी दिलंय. घरच्यांनी सांगितलं नाही?"

"आई मला रोज फोन करते. कुत्र्याला पिल्लं झाली तरी सांगते. समन्स आलेलं सांगणार नाही?"

मी त्याला तोच प्रश्न चार वेगवेगळ्या बाजूंनी विचारला. ही आमची जुनी पद्धत. खोटे उत्तर दर वेळी थोडे नवे कपडे घालून येते. याचे उत्तर चारही वेळा तेच, तितकेच आखूड. शेवटी त्याची बायको तडकली. "सर, ठाण्यात असंच विचारतात का? चौथ्यांदा विचारलंत."

"ठाण्यात चहा मिळत नाही," मी म्हणालो. "इथे तुम्ही कॉफी दिलीत."

ती पहिल्यांदा हसली. पण मी अडलो होतो. एक तर हा खरे बोलत होता, नाही तर माझी फाइल. मी घड्याळ पाहिले. इथे साडेबारा, म्हणजे तिकडे सकाळचे दहा. ठाण्यात फोन लावला.

"ती सायकलवाल्याची फाइल काढ. पहिल्या समन्सची ठाण्याची प्रत बघ. मागच्या बाजूला घेणाऱ्याची सही कोणाची?"

हवालदाराने पाने उलटल्याचा आवाज आला. "साहेब, सही नाही. अंगठा आहे. आईचा."

"फक्त आईचा? वडील, भाऊ?"

"वडील तर आधीच वारलेले, साहेब. दुसरं कोणी नाही."

मी फोन ठेवला. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट होते: आरोपी सापडत नसेल तर समन्स त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यावे. आता कायदा बदलला आहे, तेव्हा तसे होते. आईच्या हाती दिलेले ते समन्स कायद्याने बजावलेलेच नव्हते. आणि मुलगा तर त्या घरात राहतही नव्हता. त्याच पायावर पुढची सगळी वॉरंटे उभी होती. ती फाइल माझ्या टेबलावरून तीनदा गेली होती. मागची बाजू मी एकदाही उलटली नव्हती.

"आईला फोन लावा," मी म्हणालो. "स्पीकरवर."

म्हातारीचा आवाज खणखणीत. मुलाने विचारले, "आई, माझ्या नावाचा कोर्टाचा कागद कधी आला होता का गं?"

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई?"

"तुला कोणी सांगितलं?"

त्याने डोळे मिटून घेतले. "म्हणजे आला होता."

"आला होता. गव्हाच्या कोठीखाली ठेवलाय. तू नवा नवा गेला होतास रे तिकडं. एकटा. फोनवर रडायचास, सवय नव्हती म्हणून. त्यात हे कुठं सांगू? म्हटलं, येईल तेव्हा बघू. आलास तेव्हा लग्नाची गडबड. मग पोरगी झाली."

"आणि पोलीस आले तेव्हा?"

"तो हवालदार यायचा. म्हणायचा, मुलगा कुठाय? मी म्हणायचे, मला ठाऊक नाही. तुझा पत्ता दिला असता तर तुला धरून आणला असता की तिकडनं! चहा प्यायचा अन् जायचा. माणूस चांगला होता."

त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसतही होती. "आई, अहो, तुम्हीच यांना फरार केलंत."

"कोण फरार?" म्हातारी भडकली. "माझा पोरगा दर महिन्याला मला औषधं पाठवतो!"

मला तिचा राग आला नाही. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हते. सरकारी कागद घरात आला की ते तो छपराच्या वाशात खोचून ठेवत. दिसला नाही म्हणजे टळला. मी शाळेत जाऊ लागल्यावर एक दिवस सगळे कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले होते आणि म्हणाले होते, "वाच. तू वाचायला शिकलास ते यासाठी." त्या म्हातारीच्या घरात वाचणारा होता, पण तो सिंगापुरात होता.

मग खरा प्रश्न पुढे आला. त्याच्या बायकोने विचारला, "सर, हे तिकडे आले आणि उतरल्या उतरल्या पकडलं तर?"

"कोर्टाच्या वतीने शब्द द्यायचा मला अधिकार नाही," मी सांगितले. "तो जो कोणी देईल त्याच्यापासून लांब राहा. मी फक्त रस्ता सांगू शकतो. वॉरंट ज्या कोर्टानं काढलं तेच कोर्ट ते रद्द करू शकतं. त्यासाठी आरोपीनं स्वतः समोर उभं राहावं लागतं. वकील द्या. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. सोबत जुन्या पासपोर्टवरचा शिक्का लावा, समन्सच्या आधी तुम्ही देश सोडल्याचा. आईचं शपथपत्र लावा. दडून बसलात तर पुढचा कागद जाहीरनाम्याचा आहे. चालत आलात तर न्यायाधीश आधी तुमचं ऐकतील. पोलिसाने धरून आणलेला माणूस आणि स्वतः आलेला माणूस, कोर्टात दोघं वेगळे दिसतात."

"आणि तुम्ही?" त्याने विचारले. "तुमच्या हातात वॉरंट आहे ना?"

"आहे, ठाण्यात. म्हणून तुमची तारीख ठरली की मी आधीच कोर्टाला लेखी कळवीन, आरोपी स्वतःहून हजर होत आहे. आणि अहवालात आमचं काय चुकलं तेही लिहीन."

त्याने एकदा बायकोकडे पाहिले. त्याचे घरदार त्या क्षणी एका अनोळखी पोलिसाच्या बोलण्यावर टांगलेले होते, आणि काही दिवसांपूर्वी त्यानेच मला लबाड ठरवले होते. मग त्याने मोबाइल काढला. "सर, तिकीट बघतो." त्या विश्वासाचे ऋण माझ्यावर अजून आहे.

रजा संपवून मी परतलो. पंधरा दिवसांनी तो आला. आदल्या दिवशी मी अहवाल कोर्टात दिला होता. सकाळी अकराला कोर्टाच्या आवारात तो, त्याची आई आणि काठी टेकत आलेला तो जुना सायकलवाला, तिघे एका बाकावर बसलेले दिसले. सायकलवाला म्हणत होता, "तेव्हाच मला विचारलं असतं तर मीच कोर्टाला सांगून टाकलं असतं, की वळताना मीच मागं बघितलं नव्हतं."

पुकारा झाला. तो आत गेला. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का पाहिला, शपथपत्र पाहिले. मग आईला पुढे बोलावले.

"समन्स तुम्ही घेतलं होतं?"

"घेतलं होतं, बाई. लपवलं पण मीच. त्याला ठाऊक नव्हतं." तिने पदराच्या गाठीतून चार घड्या केलेला कागद काढला. त्यातून गव्हाचे दोन दाणे टेबलावर पडले. कारकुनाने ते हळूच बोटाने बाजूला केले.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. "निरीक्षक साहेब, 'फरार' म्हणून तीन अहवाल आहेत. सह्या तुमच्या?"

"हो, मॅडम."

"समन्स कोणाला बजावलं ते वाचून सही केली होती?"

मागे माझे दोन शिपाई उभे होते. वकील होते, गावातली माणसे होती. 'कामाचा ताण' हे उत्तर जिभेवर तयार होते.

"नाही, मॅडम. वाचलं नव्हतं."

अक्षर न ओळखणाऱ्या बापाने मला शाळेत धाडून वाचायला शिकवले होते, आणि मी न वाचता सही करत होतो. ती गोष्ट मला भर कोर्टात कळली.

बाईंनी वॉरंट रद्द केले. जातमुचलक्यावर त्याला सोडले, तारीख जवळची दिली. पुढे सायकलवाल्याची साक्ष झाली आणि तो निर्दोष सुटला. कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मुदतीच्या आत हातात पडला. ते कुटुंब आजही तोआ पायोहला आहे.

या प्रकरणाने मला शिकवले ते मी नंतर प्रत्येक नव्या अंमलदाराला सांगत आलो. वॉरंटवर नाव एकाचे असते, पण त्यामागे एक घर असते. वॉरंट परत पाठवण्याआधी कागदाची मागची बाजू बघा, आणि ज्या घरात चहा प्यायलात त्या घरात दोन प्रश्न जास्त विचारा. आणि वाचकांना सांगायचे ते हे: कोर्टाचा कागद आला तर तो लपवू नका, फेकू नका. ज्याच्या नावाचा आहे त्याच्यापर्यंत पोहोचवा, तो कितीही लांब असला तरी. वॉरंट काळाने जुने होत नाही. ते वाट बघत राहते.

पण माझा स्वतःचा धडा त्या दिवशी कोर्टाबाहेर झाला. म्हातारी पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी टेकलो आणि जरा मोठेपणाने म्हणालो, "आजी, मुलाला सांगायला हवं होतं. लांब असला म्हणून काय झालं, त्याचा हक्क होता."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमची लेक पण तिकडंच हाय म्हणं."

"हो."

"तिला समदं सांगता का, सायेब?"

मी खिशातला फोन चाचपला. तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि लेकाचा हात धरून उठली.

तिथेच, कोर्टाच्या पायरीवर बसून, मी यिशुनला फोन लावला. लेक म्हणाली, "पप्पा? या वेळेला? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती व्हिटॅमिनची बाटली आठवते?"